मायक्रो-व्हीएम म्हणजे काय? क्लाउडमधल्या आपल्या कागदांना भिंत कोण घालतं?

शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा म्हटलं की आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, बँक पासबुकाचं पहिलं पान. सगळं घेऊन नेट कॅफेवाल्या भाईंकडे जायचं, ते स्कॅन करतात, अपलोड करतात, पावती हातात देतात आणि आपण घरी येतो. देगलूर नाक्यावर असो की गंजगोलाईच्या गल्लीत, पद्धत एकच.

पुढे ते कागद जातात कुठे? विचारलं तर उत्तर मिळतं, “सर्व्हरवर.” आणि सर्व्हर कुठे? “क्लाउडवर.” इथे बोलणं संपतं. आम्हाला मात्र अनेक पालक हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात: एकाच मशीनवर हजारो लोकांचं काम चालतं म्हणे, मग माझ्या मुलीचा दाखला दुसऱ्या कुणाला दिसत कसा नाही? तो प्रश्न अगदी बरोबर आहे. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी याच प्रश्नावर कित्येक वर्षं डोकं घातलं आहे. त्यातून जे तंत्र पुढे आलं त्याला मायक्रो-व्हीएम म्हणतात. ते काय आहे, कसं चालतं, कुठे कमी पडतं आणि नांदेड-लातूरच्या घरांना त्याचं काय, हे या लेखात एकत्र दिलं आहे.

थोडक्यात सांगायचं तर

व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. त्याची मेमरी वेगळी, डिस्क वेगळी, ऑपरेटिंग सिस्टिमही वेगळी. आत चालणाऱ्या प्रोग्रामला वाटतं की अख्खं मशीन आपलंच आहे. हा आतला कॉम्प्युटर उभा करणारा आणि त्याच्यावर नजर ठेवणारा जो प्रोग्राम, तो व्हर्च्युअल मशीन मॉनिटर, म्हणजेच व्हीएमएम.

जुने व्हीएमएम आकाराने अवाढव्य होते. गेल्या काही वर्षांत मुद्दाम लहान, कमी कामं करणारे आणि म्हणूनच जास्त सुरक्षित असे व्हीएमएम लिहिले गेले. त्यांनी उभ्या केलेल्या छोट्या, क्षणात सुरू होणाऱ्या मशीनला मायक्रो-व्हीएम म्हणतात. यातलं सर्वात गाजलेलं नाव फायरक्रॅकर. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड कंपनीने, म्हणजे एडब्ल्यूएसने, ते नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं.

हॉल, फ्लॅट आणि खोली

लातूरच्या माणसाला हे समजवायला हॉस्टेलचं उदाहरण पुरेसं आहे. ‘लातूर पॅटर्न’साठी दरवर्षी बाहेरगावाहून हजारो मुलं शहरात येतात. त्यांना ठेवायचे तीन मार्ग धरू.

पहिला मार्ग, एक मोठा हॉल. आत पलंग, मधे पडदे. स्वस्त पडतं, माणसं भरपूर मावतात, नवीन मुलगा आला की पाच मिनिटांत जागा होते. पण दार एकच, वॉर्डन एकच, कपाटांच्या चाव्या एकाच जुडग्यात. जुडगा कुणाच्या हाती लागला की सगळी कपाटं उघडी. क्लाउडच्या भाषेत याला कंटेनर म्हणतात. प्रत्येकाचं सामान वेगळं दिसतं, पण खाली ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो सगळ्यांचा सामाईक असतो. कर्नलमध्ये फट सापडली की पडद्याला अर्थ उरत नाही.

दुसरा मार्ग, प्रत्येक मुलाला अख्खा फ्लॅट. स्वयंपाकघर, दोन बाल्कन्या, पाहुण्यांची खोली, सगळं. एकाचा दुसऱ्याला त्रास नाही. पण एका पोरासाठी एवढी जागा द्यायची तर भाडं कुणाला परवडणार? आणि फ्लॅट तयार करायलाच वेळ जातो. ही झाली जुन्या पद्धतीची पूर्ण व्हर्च्युअल मशीन.

तिसरा मार्ग, एकेकाची छोटी खोली. चारी बाजूंनी पक्की भिंत, दार एक, कुलूप स्वतःचं. आत पलंग, टेबल, दिवा. बाल्कनी नाही, पाहुण्यांची खोली नाही, कारण अभ्यासाला ती लागत नाही. हॉलइतकी माणसं मावतात आणि भिंत मात्र फ्लॅटसारखी. मायक्रो-व्हीएम ही अशी खोली आहे. प्रत्येकीत स्वतंत्र कर्नल चालतो. आतल्या माणसाने स्वतःचा कर्नल तोडला तरी तो स्वतःच्याच खोलीत अडकून राहतो. पुढची भिंत त्याला अजून फोडायचीच असते.

हे आम्ही अनुभवाने सांगतो

काही वर्षांपूर्वी आमची वेबसाइट स्वस्तातल्या एका होस्टिंगवर होती. एका मशीनवर कितीतरी साइट, सगळ्या एकाच हॉलमध्ये. एके दिवशी वाचकांचे फोन यायला लागले, “भाई, तुमच्या साइटवर औषधांच्या जाहिराती कशा काय?” आमचा पासवर्ड फुटलेला नव्हता. शेजारच्या कुठल्यातरी साइटमधून कुणीतरी आत शिरलं होतं आणि तिथून आमच्या फोल्डरपर्यंत आलं होतं. दोन रात्री जागून साफसफाई केली, जुने लेख एकेक करून तपासले. बातम्यांचं नुकसान भरून निघालं. पण तिथे लोकांचे आधार कार्ड असते तर? तेव्हापासून “शेजारी कोण आहे आणि मधे भिंत कशाची आहे” हा प्रश्न आम्ही गंभीरपणे घेतो.

थोडा इतिहास

एका मशीनमध्ये अनेक मशीन ही कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात आयबीएमने आपल्या मोठ्या कॉम्प्युटरांवर ती आणली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० नावाने बाजारात ठेवली. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोन अभ्यासकांनी व्हीएमएममध्ये कोणते गुण असायला हवेत याची मांडणी केली. ती आजही शिकवली जाते. आतल्या प्रोग्रामला खऱ्या मशीनवर असल्यासारखंच वाटलं पाहिजे, बहुतेक काम थेट प्रोसेसरवर झालं पाहिजे आणि सगळ्या साधनसंपत्तीचा ताबा मॉनिटरकडेच राहिला पाहिजे.

साध्या, इंटेलसारख्या प्रोसेसरवर हे जमवणं अवघड होतं. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने सॉफ्टवेअरच्या युक्त्यांनी ते करून दाखवलं. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून झेन आलं. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच या कामाची सोय दिली आणि चित्र बदललं. २००६ मध्ये कुमरानेट या कंपनीत अवी किविटी यांनी केव्हीएम लिहिलं. फेब्रुवारी २००७ मध्ये ते लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत दाखल झालं. तेव्हापासून प्रोसेसरमध्ये ही सोय असलेली लिनक्स मशीन व्हर्च्युअल मशीनची यजमान होऊ शकते.

व्हीएमएम नेमकं काय करतो?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. काम दोघांत वाटलेलं असतं.

केव्हीएम हे लिनक्स कर्नलच्या आत असतं. प्रोसेसर आणि मेमरीची वाटणी ते बघतं. आतल्या मशीनचे साधे आदेश थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात, म्हणून वेग टिकतो. पण आतल्या मशीनने डिस्क वाचायला मागितली किंवा नेटवर्कवर काही पाठवायचं म्हटलं की प्रोसेसर थांबतो आणि ताबा बाहेर येतो. त्या वेळी व्हीएमएम पुढे होतो, खोटी डिस्क किंवा खोटं नेटवर्क कार्ड असल्याचं नाटक वठवतो, काम करून देतो आणि पुन्हा आतल्या मशीनला चालू करतो.

म्हणजे आतल्या अनोळखी प्रोग्रामचा बाहेरच्या जगाशी सगळ्यात जास्त संबंध येतो तो व्हीएमएमने उभ्या केलेल्या या खोट्या साधनांमधून. खोलीच्या भिंतीला जेवढ्या खिडक्या, तेवढे चोराला मार्ग. हेच जुन्या व्यवस्थेचं दुखणं होतं.

फ्लॉपीच्या खिडकीतून चोर

केव्हीएमसोबत वर्षानुवर्षं वापरला जाणारा व्हीएमएम म्हणजे क्यूएमयू. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने तो २००३ च्या सुमारास सुरू केला. फार कर्तबगार सॉफ्टवेअर. जुन्यात जुनी साधनं, वेगवेगळे प्रोसेसर, सगळ्यांचं सोंग ते हुबेहूब घेतं. पण त्यामुळे त्याचा कोड वाढत वाढत सी भाषेतल्या चौदा लाखांहून जास्त ओळींवर गेला.

१३ मे २०१५ रोजी ‘व्हेनम’ नावाची एक फट जाहीर झाली. क्राउडस्ट्राइक कंपनीचे जेसन गेफनर यांनी ती शोधली होती. फट कुठे होती? क्यूएमयूच्या फ्लॉपी डिस्कच्या कोडमध्ये. ज्या फ्लॉपीचं तोंड आज कॉलेजच्या पोरांनी पाहिलेलंही नाही, तिचा २००४ पासूनचा कोड क्लाउडच्या मशीनमध्ये पडून होता. मशीनला फ्लॉपी जोडली नाही तरी तो कोड जिवंत राहत होता. त्यातून आतल्या मशीनमधला माणूस भिंत ओलांडून यजमान मशीनपर्यंत पोहोचण्याचा धोका होता. दुरुस्ती लगेच झाली, पण धडा सगळ्यांनी घेतला: जी खिडकी लागत नाही ती बांधूच नका.

दुसरा धडा भाषेचा. सी भाषेत मेमरी सांभाळायची जबाबदारी पूर्णपणे प्रोग्रामरवर असते. एक हिशोब चुकला की दुसऱ्याच्या मेमरीत लिहिलं जातं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या चुकांपैकी सुमारे ७० टक्के चुका याच जातीच्या असतात. योगायोग बघा, व्हेनम जाहीर झाल्यावर दोनच दिवसांनी, १५ मे २०१५ ला, रस्ट या भाषेची पहिली पक्की आवृत्ती आली. रस्टमध्ये अशा बहुतेक चुका प्रोग्राम तयार होतानाच पकडल्या जातात. पुढचे बहुतेक नामवंत हलके व्हीएमएम रस्टमध्ये लिहिले गेले.

फायरक्रॅकर: कमी करण्याची कला

एडब्ल्यूएसची लॅम्डा नावाची सेवा २०१४ मध्ये आली. तिची कल्पना साधी आहे. तुम्ही सर्व्हर भाड्याने घ्यायचा नाही, फक्त आपला कोड द्यायचा. मागणी आली की कोड चालतो, नाही तर बिल नाही. निकालाच्या दिवशी दुपारी गर्दी आणि रात्री शुकशुकाट, अशा कामाला ही पद्धत फिट बसते.

पण अडचण झाली. सुरुवातीला लॅम्डामध्ये प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन आणि त्याच्या वेगवेगळ्या कामांना कंटेनर अशी मांडणी होती. एका ग्राहकाचं काम छोटं असलं तरी त्याच्यासाठी मोठं मशीन अडकून पडायचं. कंटेनरमध्ये सगळ्यांना एकत्र ठेवावं तर भिंत कच्ची. म्हणून त्यांनी नवा व्हीएमएम बनवला. सुरुवात गुगलच्या क्रॉसव्हीएम या प्रकल्पाच्या कोडपासून केली आणि त्यातलं नको ते काढून टाकलं.

काय काय काढलं? फ्लॉपी नाही, यूएसबी नाही, ग्राफिक्स कार्ड नाही, साऊंड नाही, बायोससुद्धा नाही. उरली ती मूळची पाच साधनं: नेटवर्क, डिस्क, यजमानाशी बोलायची एक वाट, अक्षरं छापायचा साधा पडदा आणि कीबोर्डचा एक तुकडा. तो तुकडाही फक्त मशीन बंद करण्यासाठी. सगळा कोड सुमारे पन्नास हजार ओळींचा, म्हणजे क्यूएमयूच्या चार टक्क्यांच्या आसपास.

२०२० मध्ये फायरक्रॅकरच्या निर्मात्यांनी एका परिषदेत शोधनिबंध मांडला. त्यातले आकडे बोलके आहेत. आतल्या मशीनची मेमरी सोडून व्हीएमएमचा स्वतःचा खर्च असा होता: क्यूएमयू सुमारे १३१ एमबी, क्लाउड हायपरवायजर सुमारे १३ एमबी आणि फायरक्रॅकर सुमारे ३ एमबी. एका मशीनवर हजार खोल्या काढायच्या तर पहिल्यात १३१ जीबी नुसत्या भिंतींतच जाते, तिसऱ्यात ३ जीबी. वेगाचंही तसंच. फायरक्रॅकरचं मशीन साधारण १२५ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या आठव्या भागात, काम सुरू करतं. एका यजमानावर सेकंदाला दीडशेपर्यंत अशी मशीन उभी करता येतात.

सुरक्षेचा विचार एवढ्यावर थांबत नाही. समजा, आतला माणूस व्हीएमएम फोडून बाहेर आलाच, तर? त्यासाठी दुसरी भिंत आहे. जेलर नावाचा एक छोटा प्रोग्राम व्हीएमएमला सुरू होण्याआधीच कोंडून ठेवतो. त्याला दिसणारं फोल्डर वेगळं, अधिकार कमी, मेमरी आणि प्रोसेसरवर मर्यादा. शिवाय व्हीएमएमला लिनक्स कर्नलकडे कोणत्या मागण्या करता येतील याची यादी ठरलेली असते. शोधनिबंधाच्या वेळी त्या यादीत फक्त २४ प्रकारच्या मागण्या आणि ३० नियंत्रण-आदेश होते. यादीबाहेरचं काही मागितलं की व्हीएमएमचाच खेळ खलास.

बाकीची मंडळी

फायरक्रॅकर एकटा नाही. ओळखीची नावं अशी:

क्रॉसव्हीएम – गुगलने क्रोमबुकसाठी लिहिला. अँड्रॉइड १३ पासून काही फोनमध्येही संवेदनशील काम वेगळ्या छोट्या मशीनमध्ये ठेवण्यासाठी तो वापरला जातो. म्हणजे हे तंत्र काहींच्या खिशात आधीच आलं आहे.

क्लाउड हायपरवायजर – इंटेलने सुरू केला, डिसेंबर २०२१ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे गेला. फायरक्रॅकरपेक्षा थोडा मोठा, पण जास्त कामाचा. विंडोज चालवतो, चालू मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवू शकतो.

रस्ट-व्हीएमएम – हा व्हीएमएम नाही, सुट्या भागांचं दुकान आहे. ज्याला स्वतःचा व्हीएमएम बांधायचा त्याने इथून तयार विटा घ्याव्यात. वरच्या प्रकल्पांनी आपसात वाटून घेतलेला कोड इथे आहे.

काटा कंटेनर्स – डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. वरून कंटेनरसारखा दिसतो, आतून प्रत्येकाला स्वतंत्र छोटं मशीन देतो. खाली क्यूएमयू, फायरक्रॅकर किंवा क्लाउड हायपरवायजर यांतलं काहीही लावता येतं.

जीव्हायजर – गुगलने मे २०१८ मध्ये खुला केला. याची वाट वेगळी. हा वेगळं मशीन उभं न करता प्रोग्राम आणि खऱ्या कर्नलच्या मधे स्वतःचा एक कर्नल उभा करतो.

क्यूएमयूवाल्यांनीही हात बांधून बसणं पसंत केलं नाही. डिसेंबर २०१९ च्या आवृत्तीत त्यांनी ‘मायक्रोव्हीएम’ नावाचं कमी साधनांचं मशीन दिलं. आता एआयने लिहिलेला कोड चालवून बघण्यासाठीही या छोट्या मशीन वापरल्या जातात. कारण तेच: तो कोड काय करील याचा भरवसा नसतो, म्हणून तो बंद खोलीत चालवलेला बरा.

कमतरता काय आहेत?

फक्त कौतुक केलं तर लेख अर्धाच राहील.

एक, साधनं कमी केल्याची किंमत असते. फायरक्रॅकर विंडोज चालवत नाही. २०२० च्या त्याच शोधनिबंधात डिस्कचा वेग हा कमकुवत भाग असल्याचं निर्मात्यांनी स्वतः लिहिलं. खरी डिस्क सेकंदाला तीन लाख चाळीस हजारांहून जास्त छोटी वाचनं करू शकत असताना फायरक्रॅकरमधून सुमारे तेरा हजारच होत होती. मोठ्या डेटाबेससाठी हे मशीन नव्हतंच.

दोन, भिंत सॉफ्टवेअरची, पण जमीन सामाईक. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या चुका जाहीर झाल्या. त्या प्रोसेसरच्याच रचनेत होत्या. एका प्रोसेसरवर चालणारा शेजारी, वेळेच्या बारीक फरकावरून, दुसऱ्याच्या मेमरीतलं गुपित ताडू शकत होता. म्हणून फायरक्रॅकर वापरणाऱ्यांना सल्ला दिला जातो की एकाच प्रोसेसर-गाभ्यावर दोन कामं एकदम चालवायची सोय बंद ठेवा आणि मेमरीची समान पानं एकत्र करू नका. भिंत चांगली असली तरी पाया तपासत राहावा लागतो.

तीन, आणि हे सर्वात महत्त्वाचं: आपल्याकडचे बहुतेक घोटाळे भिंत फोडून होतच नाहीत. दार उघडं राहिल्यामुळे होतात. पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला, कागदांचं फोल्डर सगळ्यांसाठी खुलं, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं चालूच. अशा घरात जगातला सर्वोत्तम व्हीएमएम काय करणार?

आपल्या भागाशी संबंध

एडब्ल्यूएसचं मुंबईतलं केंद्र जून २०१६ मध्ये सुरू झालं. मायक्रोसॉफ्टने त्याआधी २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत पाय रोवले. गुगलचं मुंबई केंद्र २०१७ मध्ये आलं. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये एडब्ल्यूएसने भारतातलं दुसरं केंद्र हैदराबादला उघडलं. नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, लातूरहूनही त्याच्याच आसपास. १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यातच होता आणि दवाखाना, लग्नाचा बस्ता, नोकरी यासाठी आजही अनेक घरांची धाव तिकडेच असते. आता आपले कागदही तिकडे मुक्कामाला असू शकतात. प्रकाशाच्या तारेतून तीनशे किलोमीटर जाऊन यायला जेमतेम तीन मिलिसेकंद पुरतात. प्रत्यक्षात वाटेतल्या वळणांमुळे जास्त लागतात. फॉर्म अडकतो तो अंतरामुळे क्वचितच.

सरकारी बाजूनेही हालचाल झाली आहे. केंद्राने २०१४ मध्ये ‘मेघराज’ हा सरकारी क्लाउड सुरू केला. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाउड वापरण्याचं धोरण जाहीर केलं. असं धोरण आणणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश काढला. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा झाला. माहिती गोळा करणाऱ्याने तिची योग्य राखण केली नाही तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याची माहिती ही अमानत आहे, आणि आता कायदाही तेच म्हणतो.

शाळा, पतसंस्था, दवाखान्यांनी काय विचारावं?

आपल्याकडच्या संस्था आता फी, हजेरी, कर्ज, रुग्णांच्या नोंदी यासाठी सॉफ्टवेअर घेतात. विक्रेता स्क्रीन दाखवतो, रंग छान असतात, सौदा होतो. त्याआधी हे पाच प्रश्न विचारा:

१. आमची माहिती कोणत्या कंपनीच्या, कोणत्या शहरातल्या केंद्रात राहील?

२. आमची माहिती इतर संस्थांसोबत एकाच डेटाबेसात आहे की वेगळी? एकाच मशीनवर असेल तर मधे फक्त कंटेनर आहे की स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन?

३. तुमच्या कंपनीतली कोण कोण माणसं आमच्या नोंदी उघडून पाहू शकतात?

४. बॅकअप कुठे असतो आणि तो परत भरून कधी बघितला होता?

५. करार संपला तर आमची माहिती आम्हाला कशी मिळेल आणि तुमच्याकडची कधी पुसली जाईल?

दुसऱ्या प्रश्नावर विक्रेता गोंधळला तर घाबरू नका, त्याला वेळ द्या. पण पाचही प्रश्नांवर “सगळं सेफ आहे साहेब” एवढंच उत्तर मिळालं तर सौदा थांबवा.

घरच्यांसाठी त्याहून सोपं आहे. नेट कॅफेतून निघताना स्कॅन केलेल्या फाइल डेस्कटॉपवरून आणि रिसायकल बिनमधूनही पुसायला सांगा. लॉगआउट झालं का ते डोळ्यांनी बघा. जिथे चालत असेल तिथे शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क केलेलं आधार द्या. ओटीपी कुणालाही नाही, अगदी ओळखीच्या भाईंनाही नाही.

शिकायचं असेल तर

नांदेडला विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे. त्याच परिसरात १९९४ मध्ये स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. दोन्ही शहरांत सरकारी तंत्रनिकेतनं आहेत. आपली मुलं-मुली कॉम्प्युटरला प्रवेश घेतात आणि बहुतेक जण वेबसाइट किंवा अ‍ॅप बनवण्यावर थांबतात. क्लाउडच्या तळघरात काय चालतं इकडे फार थोडे वळतात. तिथे काम आहे आणि शिकायला पैसे लागत नाहीत.

साहित्य साधं आहे. चार-पाच वर्षांपूर्वीचा, आठ जीबी मेमरीचा लॅपटॉप आणि त्यावर लिनक्स. बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करायचं. फायरक्रॅकर अपाचे परवान्याखाली फुकट मिळतो. त्याला दोन फाइल लागतात, एक लिनक्स कर्नलची, दुसरी डिस्कची. मग त्याला किती प्रोसेसर, किती मेमरी, कोणती डिस्क एवढं कळवायचं आणि ‘सुरू कर’ म्हणायचं. डोळ्यांसमोर एक कॉम्प्युटर जन्माला येतो, पापणी लवायच्या आत.

क्रम असा ठेवा. आधी लिनक्स आणि सी, म्हणजे मेमरी कशी चालते ते कळेल. मग ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय मन लावून, फक्त पास होण्यापुरता नव्हे. त्यानंतर रस्ट. शेवटी रस्ट-व्हीएमएमचा कोड वाचायला घ्या. फायरक्रॅकरच्या पन्नास हजार ओळी म्हणजे डोंगर वाटेल, पण चौदा लाखांच्या तुलनेत तो टेकडीच आहे, एका माणसाला चढता येते. कोड खुला असल्यामुळे छोटीशी दुरुस्ती पाठवायला पुण्याला राहायला जावं लागत नाही. इतवाऱ्यातल्या घरातूनही ते जमतं.

अवघड शब्द, सोपे अर्थ

कर्नल – ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रोसेसर-मेमरी-डिस्कवर ज्याची शेवटची सत्ता चालते तो भाग.

यजमान – ज्या खऱ्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन चालतात ते मशीन.

पाहुणं मशीन – यजमानाच्या आत चालणारं व्हर्च्युअल मशीन.

कंटेनर – एकाच कर्नलवर प्रोग्राम वेगळे ठेवण्याची पद्धत, पडद्यांचा हॉल.

व्हीएमएम – पाहुणं मशीन उभं करणारा आणि त्याची साधनं पुरवणारा प्रोग्राम.

सर्व्हरलेस – सर्व्हर असतोच, फक्त तो सांभाळायचं काम आपल्याकडे नसतं.

पुढच्या वेळी पोरीचा फॉर्म भरून पावती घेताना, कागद कुठे गेले हे आता तुम्हाला ठाऊक असेल. कुठल्यातरी शहरातल्या मोठ्या इमारतीत, कदाचित सेकंदाच्या आठव्या भागात उभ्या राहिलेल्या एका छोट्या खोलीतून ते पुढे गेले असतील. तिथली भिंत घालणारे आपलं काम करतात. कॅफेच्या डेस्कटॉपवर राहिलेली फाइल पुसायची ती मात्र आपणच.